सोवळ्यातल्या घरातून बाहेर पडताना: घरच्यांशी नातं कसं सांभाळायचं, पायरी पायरीने

माझं घर गुहागर तालुक्यातलं. आजोबा याज्ञिकी करायचे, वडील, म्हणजे अण्णा, अजून करतात. माजघरात सोवळ्याची वेगळी वलणी होती, कुणाचा हात पोचणार नाही एवढी उंच, आणि आई सोवळ्यातलं लुगडं काठीने वर टाकायची आणि काठीनेच खाली काढायची. मी चार-पाच वर्षांची असताना एकदा खळ्यातून धावत आले आणि मागून आईला मिठी मारली, ती सोवळ्यात होती, नैवेद्याचा स्वयंपाक अर्धा झालेला. ती रागावली नाही, नुसती उठली आणि ऐन पावसात विहिरीवर परत अंघोळीला गेली. मी दारात उभी राहून रहाटाचा आवाज ऐकत होते. तो आवाज मला अजून येतो.

चोविसाव्या वर्षी माझा देवावरचा विश्वास गेला. एका दिवसात नाही गेला, दोन-तीन वर्षं झिजत झिजत गेला. त्यालाही आता बरीच वर्षं झाली. मधल्या काळात माझ्यासारखे पुष्कळ जण भेटले, कुणी दापोलीकडचे, कुणी राजापूरचे, एक मैत्रीण कोकणी मुसलमान घरातली आहे जिच्या घरी रोजे चुकवणं म्हणजे भूकंप, एक जण वेंगुर्ल्याच्या ख्रिश्चन घरातला. धर्म वेगळे पण सगळ्यांचे प्रश्न तेच, आईला काय सांगू, गणपतीला जाऊ की नको, रात्री छातीत धडधडतं त्याचं काय करू. सगळ्यांना तेच तेच फोनवर सांगत आले म्हणून आता एकदा नीट लिहून काढतेय.

सगळ्यात आधी हे समजून घ्या

आपल्याकडे एखाद्याचं मन बदललं की तो बहुतेक वेळा मुंबई-पुण्याला असतो किंवा निदान रत्नागिरी-चिपळूणला खोली घेऊन राहतो. वाडीत राहतात आई-वडील. मग देवळात, दुकानात, हळदीकुंकवाला जे प्रश्न येतात ते त्यांना येतात. "मुलगी आली नाही का पूजेला?" याचं उत्तर आपण देत नाही, आई देते, आणि दर वेळी देते. घरच्यांचा राग जो दिसतो ना त्यातला निम्म्याहून जास्त हा असतो, की आता लोकांना काय सांगू. उरलेल्यात भीती असते की हिचं कसं होणार, आणि आमच्या मागे आमचं कोण करणार.

दापोली तालुक्यातलं मुरुड आमच्यापासून लांब नाही. 1893 साली धोंडो केशव कर्व्यांनी विधवेशी लग्न केलं तेव्हा गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. पुढे 1958 ला भारतरत्न मिळालं हे सगळ्यांना माहीत असतं, पण मी वाचते तेव्हा मला मुरुडात राहिलेली त्यांची माणसं आठवतात. कर्वे पुण्यात होते, गावाच्या नजरा मात्र घरच्यांवर. खाली जे काही सांगतेय ते सगळं या एका गोष्टीवर उभं आहे: स्वतः खोटं वागायचं नाही, पण घरात मागे राहिलेल्यांचं ओझं जमेल तेवढं कमी करायचं.

पायरी 1: सांगायची घाई करू नका

नवीन नवीन पटलेलं असतं तेव्हा कुणाला तरी सांगावंसं फार वाटतं, आणि आपण ते नेमकं चुकीच्या वेळी, चतुर्थीच्या आदल्या रात्री मखर बांधता बांधता सांगून टाकतो. मी तेच केलं. घरात पंधरा माणसं, आई आधीच तीन दिवस उभी, आणि मी म्हटलं मला हे काही पटत नाही. ती चतुर्थी आमच्या घरात अजून कुणी विसरलेलं नाही.

आधी स्वतःचे पाय टेकलेले असूदेत. शिकत असाल आणि फी घरून येत असेल तर शिक्षण संपेपर्यंत गप्प राहणं यात काहीही भेकडपणा नाही, हे मी ठामपणे सांगतेय, कारण खूप जणांना त्याची लाज वाटते. मार्कशीट, आधार, पॅन, बँकेचं पासबुक आपल्या ताब्यात ठेवा. हे सगळ्यांना लागत नाही, बहुतेक घरं रागावतात आणि थोड्या दिवसांनी निवळतात, पण काही घरं निवळत नाहीत. मारहाण, कोंडून ठेवणं, जबरदस्तीने लग्न ठरवणं असला प्रकार होण्याची शक्यता असेल तर हे बाकीचं सगळं राहूदे, आधी सुरक्षित जागा बघा. 112 पोलिसांचा, 181 महिलांसाठीचा नंबर आहे, आणि 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा फक्त नवऱ्याविरुद्ध नाही, माहेरच्या घरातल्या हिंसेलाही तो लागू होतो हे बऱ्याच मुलींना माहीतच नसतं.

पायरी 2: अंगातली भीती ओळखा

डोक्याला पटलं तरी अंगाला पटायला वेळ लागतो. मी देवाला नमस्कार करणं सोडलं त्याच महिन्यात दादा मोटरसायकलवरून पडला, हाताला प्लास्टर. मला पक्कं माहीत होतं की रस्त्यावर वाळू होती म्हणून पडला, तरी पण मी तीन रात्री झोपले नाही. आपल्याकडे लहानपणापासून कानावर पडलेलं असतं, देवाचं देणं राहिलं, नवस चुकला, राखणदार कोपला, कुळाचार मोडला म्हणून अमक्याच्या घरात असं झालं. प्रत्येक घरात अशी एक गोष्ट असते आणि ती रात्री सांगितलेली असते. वीस वर्षं ऐकलेलं सहा महिन्यात कसं जाईल.

मला ज्याचा उपयोग झाला ते सांगते. एक साधी वही केली. भीती वाटली की तारीख टाकून लिहायचं, कशाची भीती वाटतेय, काय होईल असं वाटतंय. महिन्याभराने वाचायचं. लिहिलेल्यातलं जवळजवळ काहीच झालेलं नसायचं, आणि जे झालं ते शेजारच्या अगदी देवभोळ्या घरातही झालेलं असायचं. हळूहळू तशा रात्री कमी झाल्या.

आणि झोप, जेवण, काम बिघडायला लागलं, किंवा जगणं नको वाटायला लागलं, तर वही पुरत नाही. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं, नाव सांगायची गरज नाही. रत्नागिरीला सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. नाव ऐकून लोक घाबरतात, पण नैराश्य किंवा झोपेच्या तक्रारीसाठीही तिथे तपासून घेता येतं. डॉक्टरला सरळ सांगा की मी धार्मिक घरातून बाहेर पडलेय आणि मला अपराधी वाटतं. एखाद्याने उलट "रोज जप करा" असं सांगितलं तर वाईट वाटून घेऊ नका, दुसरा डॉक्टर बघा. मला पहिल्याने तेच सांगितलेलं.

पायरी 3: बसून यादी करा

हे काम सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि बहुतेक लोक हेच करत नाहीत. सगळं एकदम सोडतात किंवा सगळं दात-ओठ खाऊन करत राहतात. एका रविवारी कागद घ्या आणि वर्षभरात घरात जे जे होतं ते लिहून काढा. रोजचा दिवा, एकादशी, श्रावणी सोमवार, मंगळागौर, गणपती, गौरी, म्हाळ, नवरात्र, शिमग्याची पालखी, सत्यनारायण, सूतक-सोयर, पाळीतलं बाजूला बसणं, लग्नं, मुंजी. मग एकेकासमोर लिहा: हे मी आवडीने करेन, हे मी घरच्यांसाठी करेन आणि मनाला लावून घेणार नाही, हे मी करणार नाही.

माझ्या यादीत पहिल्यात किती निघालं याचं मलाच नवल वाटलं. मोदक वळणं, घावन-घाटलं, आरत्या म्हणणं सुद्धा, कारण त्या चाली माझ्या आजीच्या आवाजात मला येतात आणि त्या मला सोडायच्या नाहीत. दुसऱ्यात आलं ते मोठ्यांच्या पाया पडणं, प्रसाद घेणं, पालखी अंगणात आली की घरच्यांबरोबर उभं राहणं. गावाची वर्गणी पण मी देते. यावर माझ्या काही मित्रांचं माझ्याशी पटत नाही, ते म्हणतात तत्त्वाला धरून राहा. पण आमच्या वाडीत ती वर्गणी घरटी असते, मी मुंबईत बसून तत्त्व पाळणार आणि पावतीवर नाव अण्णांचं राहणार, हे मला बरोबर वाटत नाही.

तिसऱ्या यादीत मोजून चार गोष्टी आल्या. नवस बोलणार नाही, देवाला कौल लावून निर्णय घेणार नाही, कुणाच्या हातचं न खाणं किंवा कुणाला पडवीतच बसवणं हे करणार नाही, आणि पाळीत बाजूला बसणार नाही. तिसरी यादी छोटी ठेवा. छोटी असेल तर ती धरून ठेवता येते.

पाळीबद्दल थोडं जास्त लिहिते कारण मुलींचे सगळ्यात जास्त प्रश्न यावरच असतात. आमच्याकडे तीन दिवस मागच्या पडवीत, ताट-तांब्या वेगळा, चौथ्या दिवशी न्हाऊन घरात. मी नाही म्हटल्यावर आईने सरळ सांगितलं, "अगो, मग माझा देव कुठे जाईल?" तिच्यासाठी तो खरा प्रश्न होता. खूप दिवस अबोला झाला, शेवटी जमलं ते असं की मी देवघरात मुळातच जात नाही, त्यामुळे देवघर तिचं, बाकी सगळ्या घरात मी वावरणार. पण माझी भाची बारा वर्षांची झाली आणि तिला पडवीत बसवायची तयारी सुरू झाली तेव्हा मी तडजोड केली नाही. परीक्षा चालू होती पोरीची, गारठ्यात चटईवर. मी तिला माझ्या खोलीत घेतलं आणि दाराशी बसून राहिले. आपल्यापुरतं असेल तर पुष्कळ सोसता येतं, लहान पोरांवर येतं तिथे सोसू नये. त्या वेळी वहिनी माझ्या बाजूने बोलली, पहिल्यांदाच.

पायरी 4: सांगायचं कसं

सणात नाही, आजारपणात नाही, कुणाच्या मयताचे दिवस चालू असताना तर अजिबात नाही. पावसाळ्यात भात लावून झालं की जरा निवांतपणा असतो, मे महिन्यात आंब्याच्या गडबडीत नको. सगळ्यांना एकत्र बसवून जाहीर करू नका. आधी एका माणसाला सांगा, आणि तो माणूस बहुतेक वेळा आई-वडील नसतो. आत्या असते, मामा असतो, धाकटा काका असतो. माझ्या वेळी आत्या होती. तिला पंचविशीत वैधव्य आलेलं, देवाशी तिचं स्वतःचं भांडण होतं जे तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "मला कळतं बाये, पण अण्णाला एकदम सांगू नको."

शब्द जपून वापरा. "मी नास्तिक आहे" हे वाक्य आपल्याला सरळ वाटतं, पण माझ्या आईच्या कानाला ते शिवीसारखं लागलं, तिच्या लेखी नास्तिक म्हणजे वाईट चालीचा माणूस. त्याऐवजी काय करता आणि काय करत नाही तेवढं सांगा. "आई, मी हल्ली पूजा करत नाही. तुझी पूजा मला खटकत नाही. फुलं काढून देईन, बाकी मला सांगू नको." एवढं पुरतं. का, केव्हापासून, कुणाच्या नादाने, हे प्रश्न येणारच, त्यांना एकाच बैठकीत उत्तर द्यायचं नाही. "कुणाच्या नादाने नाही, माझं मीच ठरवलं" हे मात्र शांतपणे आणि पुन्हा पुन्हा सांगा, कारण नाहीतर राग तुमच्या मैत्रिणीवर किंवा नवऱ्यावर जातो.

आणि लोकांना काय सांगायचं तेही त्यांच्याबरोबर बसून ठरवा. हे मला खूप उशिरा सुचलं. मी आईला म्हटलं, कुणी विचारलं तर "तिला सुट्टी मिळाली नाही" असं सांगू नको, सरळ सांग की तिचं ती बघते, तुम्ही तिलाच फोन करा. खोटं बोलायचं ओझं तिच्या डोक्यावरून गेलं, आणि खरं सांगू का, फोन कुणीच केला नाही.

पायरी 5: वाद कुठे थांबवायचा

जेवताना नाही. तिसऱ्या माणसासमोर नाही. रात्री दहानंतर नाही. आणि व्हॉट्सॲपच्या फॅमिली ग्रुपवर तर कधीच नाही, तिथे काका-काकू, सासरचे, परगावचे सगळे बघत असतात आणि वडिलांना मग माघार घेता येत नाही. मी एकदा एका चमत्काराच्या व्हिडिओखाली चार ओळी लिहिल्या, अण्णा आठ महिने माझ्याशी बोलले नाहीत. मी म्हटलेलं चुकीचं नव्हतं. पण चाळीस नातेवाईकांसमोर म्हटलं होतं आणि ते याज्ञिक आहेत, लोक त्यांना दक्षिणा देतात, त्यांच्या पोटाचा आणि मानाचा तो प्रश्न होता.

भोंदूगिरी मात्र वेगळी. कुणी अंगात आणून मारतंय, भूत उतरवायच्या नावाखाली दवाखान्यात जाऊ देत नाहीये, करणी केली म्हणून कुणा बाईचं नाव घेतंय, तिथे गप्प बसू नका. डॉ. दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात खून झाला आणि त्यानंतर त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्या कायद्याने पूजा, वारी, व्रत कशालाच हात लावलेला नाही, हे घरच्यांना नीट समजावलं तर ते पण ऐकतात. माझ्या अण्णांनाही तो कायदा पटतो.

पायरी 6: लग्न, जमीन, गाव

हे भराभर सांगते. धार्मिक विधी नको असतील तर 1954 चा विशेष विवाह कायदा आहे, 30 दिवस आधी नोटीस द्यावी लागते, तीन साक्षीदार लागतात. नोटीस कार्यालयात लावली जाते, तेव्हा घरी कळायच्या आधी आपणच सांगितलेलं बरं. देव मानत नाही म्हणून वारसाहक्क जाईल अशी धमकी बऱ्याच हिंदू घरांत दिली जाते, तर तसं होत नाही. पूजा सोडल्याने वडिलोपार्जित जमिनीतला हिस्सा जात नाही, आणि हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलींचाही मुलांइतकाच आहे. मात्र हक्कसोड पत्रावर रागाच्या भरात किंवा "आता मला काही नकोच" असं म्हणत सही करू नका, एक वर्ष थांबा. दुसऱ्या धर्मातल्यांचे वारसाचे कायदे वेगळे, त्यांनी वकिलाला विचारावं.

गावाने वाळीत टाकलं तर तो गुन्हा आहे. महाराष्ट्रात त्यासाठी 2016 चा स्वतंत्र कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. रायगड जिल्ह्यातल्या अशा प्रकरणांची किती चर्चा झालेली ते आठवत असेल. पण तक्रार करण्याआधी गावात राहणाऱ्या घरच्यांना विचारा, त्यांची तयारी आहे का. पाणी, दुकान, मयत, यातलं काही अडवलं असेल तर तारीख, वेळ, कोण काय बोललं ते लिहून ठेवा.

पायरी 7: मयत

सगळ्यात कठीण हे. आजी गेली तेव्हा मी ठरवून गेले होते की तेराव्याला बसणार नाही. पिंडाला कावळा शिवेना. अण्णा उन्हात उभे, दादा हात जोडून म्हणतोय, "आजी, तुझी काय इच्छा राहिली असेल ती आम्ही पूर्ण करू." आणि अण्णांनी माझ्याकडे बघितलं. बोलले काही नाहीत. त्यांना वाटत होतं की आजी माझ्यासाठी अडलीय. मी पुढे गेले आणि म्हटलं, "आजी, मी नीट आहे, माझी काळजी करू नको." मला माहीत होतं की आजी ऐकत नाही. अण्णा ऐकत होते. कावळा त्यानंतर बऱ्याच वेळाने आला.

मी चुकले का बरोबर वागले हे मला विचारू नका, परत वेळ आली तर परत तेच करीन. तुमचं वेगळं असू शकतं. फक्त एक करा, मयताच्या दिवशी पहिल्यांदा ठरवायला बसू नका. आई-वडील धडधाकट असतानाच बोलून ठेवा की त्यांना त्यांचं काय काय व्हायला हवंय, कोणी करायचं, तुम्ही त्यातलं काय कराल. मी अण्णांना विचारलं. ते म्हणाले, "दादा करील सगळं, तू तिथे असलीस म्हणजे झालं." दहा वर्षं मी ज्या भांडणाची तयारी करत होते ते झालंच नाही. तुमची स्वतःची इच्छा देहदानाची किंवा विधी नको अशी असेल तर तीही लिहून ठेवा आणि घरात दोघांना सांगा, नुसता फॉर्म भरून भागत नाही, कारण ऐन वेळी निर्णय घरचेच घेतात.

आणि रडू येतं त्याबद्दल

बाहेर पडल्यावर सुटल्यासारखं वाटतं तसं पोरकंही वाटतं. लहानपणी गौरी आणायला मी जायचे, पाणवठ्यावरून सात खडे, तोंडात पाणी धरून, न बोलता, मागे वळून न बघता, मागून आई घंटा वाजवत. घरी येईपर्यंत खरंच वाटायचं की ताटात कुणीतरी बसलंय. ते आता वाटत नाही आणि परत कधी वाटणार नाही, याचं दुःख खरं आहे. त्या दुःखाला घाबरून "म्हणजे माझा अजून विश्वास आहे की काय" असा संशय घेऊ नका. सणाच्या दिवशी एकट्याने खोलीत बसू नका एवढं पाळा, घरी जाता येत नसेल तर कुणाला तरी जेवायला बोलवा.

गेल्या वर्षी खडे भाचीने आणले, तिला आवडतं. मी वहिनीबरोबर मागून चालत गेले. घरी आल्यावर घाटल्यासाठी नारळ खवायचा होता, नैवेद्याचा म्हणजे सोवळ्यातल्या माणसानेच खवायचा, आणि आईचा खांदा दुखत होता. अण्णा झोपाळ्यावर होते. त्यांनी वर न बघता विचारलं, "अंघोळ झाली ना गो तुझी? मग घे खवायला." आईने काही न बोलता विळी माझ्याकडे सरकवली. चार नारळ होते.